झोपेतही झाडणाऱ्या पेशी

"मॅडम, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पुण्याची तारीख ठरलीय."

डॉ. बिराजदार माझ्या टेबलापाशी उभे राहूनच बोलत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मे महिन्यातली दुपार होती. खिडकी बंद असूनही सात रस्ता चौकातले हॉर्न आत येत होते, आणि मी त्यांनी आणलेल्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवत होते.

"मी 'सांगता येत नाही' असं म्हणते," मी म्हणाले.

"असं उत्तर नसतं, मॅडम."

"आमच्यात असतं."

बिराजदार छातीचे डॉक्टर. श्वासनळीत दुर्बीण घालून आत बघतात, त्याला ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात. मी सायटॉलॉजिस्ट, म्हणजे सुट्या पेशी बघून आजार ओळखणारी. पेशंट मला सहसा भेटत नाही. त्याचा थेंबभर ऐवज काचेवर पसरून माझ्याकडे येतो आणि त्यावरून मी त्याच्या नशिबाबद्दल दोन ओळी लिहिते. त्याला मी कोण ते ठाऊक नसतं आणि मला त्याचा चेहरा. या व्यवस्थेत मी सुखी आहे, कारण माणसांशी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात.

त्या स्लाइड सुभद्राबाईंच्या होत्या. राहणार कुंभारी, वय साठीच्या आसपास. कित्येक महिन्यांचा खोकला, धाप. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाचा मधला भाग बसलेला. बसलेला म्हणजे हवा आत जात नसल्यामुळे आक्रसलेला. बिराजदारांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर तिकडे जाणारी नळी आवळली गेली होती. आतलं अस्तर एरवी गुलाबी असतं, इथे ते जागोजागी काळं पडलं होतं. त्या जागी त्यांनी बारीक ब्रश फिरवला, ब्रशला लागलेल्या पेशी काचेवर पसरल्या आणि दुसऱ्या एका लॅबला पाठवल्या. रिपोर्ट आला, 'कॅन्सरच्या पेशी असाव्यात.' पुण्याच्या सर्जनने फुफ्फुसाचा तो भाग काढायची तारीख दिली. फक्त आधी आणखी एका सायटॉलॉजिस्टचं मत घ्या म्हणाले. म्हणून बिराजदार माझ्याकडे आले होते.

स्लाइडवर पेशींचे मोठमोठे पुंजके होते. पेशींची केंद्रकं फुगलेली, फिकट, कडा पुसट. पेशीचं केंद्रक मोठं दिसलं की आमचे कान टवकारतात, कारण कॅन्सरमध्ये ते तसं होतं. आधीच्या लॅबवाल्यांना दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

पण एक गोष्ट मला खुपत होती. स्लाइडच्या कडेला, जिथे थर पातळ होता, तिथे केंद्रकं राक्षसासारखी. आणि मधे, जिथे कफाचा जाड गोळा होता, तिथे तसेच पुंजके, तशाच पेशी, पण केंद्रकं लहान आणि रेखीव. एकाच बाईच्या एकाच नळीतल्या पेशी काचेच्या मधोमध शहाण्या आणि कडेला वेड्या, हे पटेना.

"बिराजदार, त्या दिवशी तुमच्या खोलीत पंखा चालू होता का?"

"मॅडम, मे महिना आहे. सोलापूर आहे. पंखा बंद कोण ठेवेल?"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. पेशी काचेवर पसरल्या की त्या ओल्या असतानाच स्पिरिटमध्ये बुडवायच्या. याला फिक्स करणं म्हणतात. पेशी आहे तशी गोठते. जरा उशीर झाला आणि ती आधी हवेवर वाळली, तर ती काचेवर पसरते, फुगते, तिचं केंद्रकही फुगतं. इतर गावांत पेशी वाळायला थोडा वेळ लागतो. आमच्या मे महिन्यात, वरून पंखा गरगरत असताना, स्पिरिटच्या बरणीचं झाकण उघडेपर्यंत काम तमाम होतं. कफाच्या जाड गोळ्यातला ओलावा टिकला, म्हणून तिथल्या पेशी शाबूत राहिल्या.

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"ते मी कुठे म्हणाले? मला परत नमुना हवा."

आता बिराजदार बसले. त्यांची अडचण मला दिसत होती. परत दुर्बीण घालायची म्हणजे धाप लागणाऱ्या बाईला परत तोच त्रास. सर्जनची तारीख हुकणार. खरंच कॅन्सर असेल तर तो आमच्यासाठी थांबणार नव्हता. माझ्यापुरता हिशेब सरळ होता. मी चुकून कॅन्सर म्हटलं तर बाईंचं फुफ्फुस विनाकारण कापलं जाणार, आणि चुकून नाही म्हटलं तर बाईच जाणार.

"तिच्या मुलीला तुम्हीच सांगा," बिराजदार म्हणाले. "माझ्याशी ती आता भांडेल."

ती माझ्याशीही भांडली. रेखा तिचं नाव, एका सरकारी ऑफिसात क्लार्क. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बिराजदारांच्या दवाखान्यात आली होती. आईला बाहेर बाकावर बसवून आधी एकटीच आत आली.

"परत तीच नळी? मागच्या वेळी आई दोन दिवस बोलू शकली नव्हती. तुमच्या काचा वाळल्या, त्यात तिचा काय दोष?"

"काही नाही," मी म्हणाले.

"आणि तिला कॅन्सरचं काही सांगितलेलं नाही. कफाची गाठ आहे, पुण्यात काढायचीय, एवढंच सांगितलंय. तिच्यासमोर तो शब्द काढू नका."

एवढ्यात दार ढकलून सुभद्राबाई स्वतःच आत आल्या. ठेंगण्या, काटक, हातांची बोटं भाजून भाजून चिवट झालेली. रेखाने उठून दिलेल्या खुर्चीवर बसल्या, श्वास बसू दिला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, काय हाय ते मला सांगा की. पोरीला सांगून काय उपेग? छाती माजी हाय."

"आई, तू बाहेर बस."

"बसले की इतका वेळ. गाठ कापाया कुणी पुण्याला नेत न्हाय. हितं काय डॉक्टर मेलेत व्हय?" मग मला म्हणाल्या, "कॅन्सर हाय का?"

रेखा खिडकीबाहेर बघायला लागली.

"शंका आहे," मी म्हणाले. "पण ज्या नमुन्यावरून शंका आली तो पंख्याखाली वाळला होता. वाळलेल्या पेशी आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. म्हणून परत घ्यायचाय."

"वाऱ्यानं?"

"हो, वाऱ्यानं."

"भाकरीला बी वारा चालत न्हाय," त्या सहज म्हणाल्या. "एका अंगानं करपती. म्हणून मी दार लावूनच बसते."

बिराजदारांनी आणि मी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.

सुभद्राबाई कडक भाकरी करायच्या, विकायला. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि मग चुलीच्या कडेने निखाऱ्यांपाशी उभी करून वाळवतात. ती कुरकुरीत होते आणि महिनोन् महिने टिकते. ऊब सगळीकडून सारखी लागावी लागते, झुळूक चालत नाही. सुभद्राबाईंची चूल पत्र्याच्या खोलीत होती. बाभळीचं लाकूड आणि तुराट्या, म्हणजे तुरीची वाळकी खोडं, जाळायच्या, दार-खिडकी लावून. लग्न होऊन आल्यापासून रोजचं काम.

त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, सिगारेट नाही, विडी नाही, तंबाखू नाही. चुलीचा रकानाच नव्हता.

"बाई, त्या खोलीत धूर किती होतो?" बिराजदारांनी विचारलं.

"धूर की. चूल हाय म्हंजी धूर हायच. त्याचं काय?"

मग त्या रेखाकडे वळल्या. "नळी घालू दे त्यास्नी. कापायच्या आदी नीट बगून तरी घेतील." तो विषय तिथेच मिटला.

नमुना घ्यायच्या दिवशी मी माझा मायक्रोस्कोप गाडीत घालून बिराजदारांकडे नेला. पंखा बंद, एसी बंद, दार बंद. बिराजदारांच्या कपाळावरून घामाच्या धारा. त्यांच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पेशी राहू देत, आधी आम्हीच शिजतो." मी स्पिरिटच्या बरण्यांची झाकणं आधीच काढून ठेवली होती आणि कोणाकडे लक्ष देत नव्हते.

ब्रश आधी डाव्या, चांगल्या बाजूला फिरवला, मग उजव्या काळ्या जागी. प्रत्येक वेळी काच पसरली की तत्क्षणी स्पिरिटमध्ये. बिराजदारांनी चिमट्याने उजव्या अस्तराचे तुकडेही काढले, बायोप्सीसाठी. काही भाग टीबीच्या तपासणीला गेला. आणि एकेक ब्रश मी थोड्या सलाइनमध्ये खळबळला. स्पिरिटमध्ये पेशी मरते. सलाइनमध्ये ती काही तास जगते. मला तिला जिवंत बघायचं होतं.

डाव्या बाजूचा थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि तरी दरवेळी माझं तोंड उघडं राहतं. श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशी उभट असतात, एकमेकींना खेटून उभ्या. प्रत्येकीच्या माथ्यावर दोनशेच्या आसपास सूक्ष्म केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि नुसते थरथरत नाहीत. एकामागून एक वाकतात, लाट जाते, वाऱ्यावर जोंधळ्याचं पीक डुलावं तशी. त्यांच्यावर कफाचा पातळ थर असतो. आपण श्वासातून आत घेतलेली धूळ, धूर, जंतू त्या थराला चिकटतात आणि केसांची ही लाट तो थर वर, घशाकडे सरकवत राहते. आपण तो नकळत गिळून टाकतो. जन्मल्यापासून मरेपर्यंत हे झाडकाम चालू असतं आणि त्याचा आवाजही होत नाही.

सुभद्राबाईंच्या डाव्या बाजूच्या पेशी झाडत होत्या. दुर्बीण घालताना दिलेल्या भुलीच्या औषधाने सिलिया मंदावतात. तरीही झाडत होत्या. शरीरातून खरवडून काढलेल्या, काचेवर पडलेल्या, कोणासाठी झाडायचं ते उरलेलं नाही, तरी.

मग उजव्या बाजूचा थेंब. तिथे चित्र उलटं होतं. बऱ्याच पेशींचे माथे बोडके. काही उभट पेशींच्या जागी चपट्या, जाड पेशी आल्या होत्या. रोज मार बसला की अस्तर नाजूक काम सोडून कातडीसारखं निबर होतं. कफ तयार करणाऱ्या पेशी फुगून वाढल्या होत्या. म्हणजे कफ जास्त आणि तो ढकलणारे कमी. म्हणून माणसाला खोकावं लागतं. झाडायला कोणी नसलं की खोकला उरतो. मधेमधे मोठ्या गोल पेशी होत्या, मॅक्रोफेज. त्यांचं काम आत आलेला कचरा गिळायचं. त्या काजळी खाऊन खाऊन इतक्या काळ्या झाल्या होत्या की त्यांचं केंद्रक दिसेना. कुंभारीच्या त्या खोलीतली चूल माझ्या काचेवर आली होती.

पण मला हवा होता तो पुंजका, ज्याला कॅन्सर म्हटलं गेलं होतं. काच सरकवत राहिले. बिराजदार पाठीशी उभे होते, त्यांचा घाम माझ्या खांद्यावर पडला तरी मी बोलले नाही.

तो दिसला. एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा गोळा, दाट, तसाच संशयास्पद. आणि तो गोल फिरत होता.

हळूहळू, स्वतःभोवती. थेंब स्थिर होता. काचेला कोणाचा धक्का लागला नव्हता. मी फोकस किंचित बदलला. गोळ्याच्या कडेने सिलिया होत्या. तोकड्या, मधेमधे झडलेल्या, पण होत्या. धुराने सोलून निघालेल्या अस्तरातून सुटलेला तो तुकडा, उरलेल्या केसांनी थेंबाचं पाणी मागे ढकलत होता आणि त्यामुळे स्वतः फिरत होता. वर्षानुवर्षं धुरात राहूनही.

"बिराजदार, बघा."

ते वाकले. फोकस स्वतः पुढेमागे करून पाहिला.

"हे फिरतंय, मॅडम."

"हो."

सायटॉलॉजीत जे मोजके भरवशाचे नियम आहेत त्यातला हा एक. ज्या पेशीला सिलिया आहेत ती कॅन्सरची पेशी नव्हे. कॅन्सरची पेशी फक्त वाढण्याच्या मागे असते, झाडण्याचं काम तिने सोडलेलं असतं. ही पेशी जखमी होती, घाबरीघुबरी झाली होती, पण ड्यूटीवर होती. मला गलबलून आलं. मायक्रोस्कोपपाशी बसून रडलेली सायटॉलॉजिस्ट कोणी पाहू नये म्हणून मी चष्मा पुसत बसले.

तरी रिपोर्ट मी लगेच दिला नाही. या पुंजक्यात कॅन्सर नाही म्हणजे बाईंच्या फुफ्फुसात कुठेच नाही, असं होत नाही. बायोप्सी येईपर्यंत थांबायचं ठरलं.

पण सुभद्राबाईंना थांबायचं नव्हतं. भुलीतून बाहेर येऊन, घशाचा बधिरपणा गेल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "दिसलं का काय?"

मायक्रोस्कोपवर छोटा कॅमेरा होता, शेजारी स्क्रीन. मी त्यांना खुर्चीसकट तिथे सरकवलं आणि डावा थेंब दाखवला. पेशी अजून हलत होत्या.

"ही कुणाची?"

"तुमचीच. तुमच्या नळीतली."

"जिती हायत?"

"जिवंत आहेत. आत आलेली घाण बाहेर ढकलायचं काम करतात."

"मी तर झोपले व्हते की आत्ता."

"तुम्ही झोपला होता. त्या नव्हत्या झोपल्या. त्या कधीच झोपत नाहीत."

सुभद्राबाई स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की रेखाने त्यांचा खांदा धरला. "बगतीस का गं," त्या तिला म्हणाल्या, "बिनपगारी कामाला लागल्यात." मग मी उजवा थेंब दाखवला. तिथले बोडके माथे त्यांना न सांगता दिसले.

"हितली का थांबली?"

"धुरानं, बाई. चुलीच्या."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं धूर नाकातनं येतो तसा जातो."

बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याच्या आत आला. कॅन्सर नाही. अस्तराखाली काजळीचे थर आणि त्याभोवती तयार झालेले जखमेचे कडक धागे. त्या धाग्यांनी नळी आवळली होती आणि पुढचं फुफ्फुस बसलं होतं. चुलीपाशी आयुष्य घालवलेल्या बायकांमध्ये हा आजार दिसतो, आणि बाहेरून तो कॅन्सरसारखा किंवा टीबीसारखा दिसतो. टीबीची तपासणीही निगेटिव्ह आली. बिराजदारांनी पुण्याला फोन करून ऑपरेशन रद्द केलं. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, मी तो भाग कापायला पाठवला होता." मी म्हणाले, "मत घ्यायलाही तुम्हीच आलात." मग आम्ही चहा प्यायलो.

सुभद्राबाईंना औषधं दिली आणि ताकीद दिली, धूर बंद. त्यांनी मान हलवली. पेशंटने मान हलवली याचा अर्थ ऐकलं एवढाच असतो, हे इतक्या वर्षांत मला कळलंय. रेखाने गॅसची मोठी शेगडी आणली, पण गॅसवरच्या भाकरीला तो कडकपणा नाही असं गिऱ्हाइकं म्हणतात, असं तिनेच फोनवर सांगितलं. मी काळजीत पडले.

दिवाळीनंतर बिराजदारांनी परत दुर्बीण घातली, आवळलेली नळी कशी आहे ते बघायला. बसलेलं फुफ्फुस थोडं उघडलं होतं, पूर्ण नाही. काळे डाग होते तिथेच होते. ते आता तिथेच राहणार. उजव्या बाजूचा ब्रश मी सलाइनमध्ये खळबळला आणि थेंब काचेवर घेतला.

बोडक्या पेशी होत्याच. पण त्यांच्या मधेमधे काही नव्या उभट पेशी होत्या. अस्तराच्या तळाशी लहान पेशी राखीव असतात, वरचं अस्तर मेलं की त्या वाढून जागा घेतात. पण धूर चालू असेल तर त्यांनाही डोकं वर काढता येत नाही. या पेशींनी काढलं होतं. त्यांच्या माथ्यावर आखूड सिलिया होत्या आणि त्या हलत होत्या. लाट अजून जमत नव्हती. एक इकडे, एक तिकडे, पण हलत होत्या. इतकं बघितल्यावर माणूस आपल्या पदव्यांबद्दल फार बोलत नाही.

सुभद्राबाई या वेळी स्वतःहून स्क्रीनपाशी येऊन बसल्या होत्या.

"बारकी हायत," त्या म्हणाल्या.

"नवीन आहेत."

"म्हंजी परत उगवत्यात."

"उगवतायत."

त्या विचारात पडल्या. मग अगदी साळसूद चेहऱ्याने विचारलं, "परत उगवत्यात तर मग चूल पेटवायला काय हरकत हाय?"

माझा आवाज चढला. मी त्यांना धागे सांगितले, डाग सांगितले, उरलेलं फुफ्फुस सांगितलं, पुण्याचा सर्जन सांगितला. आता जे उगवलंय ते दुसऱ्यांदा जाळायला उगवलेलं नाही, असंही म्हणाले. बिराजदार दारात येऊन उभे राहिले. मी दम खायला थांबले तेव्हा सुभद्राबाई रेखाकडे बघून हसत होत्या.

"चूल मी आषाढातच फोडली, मॅडम. माज्या हातानं. लई वाईट वाटलं, नवऱ्यापेक्षा तिच्यापाशी जास्त बसले व्हते. उगं इचारलं, तुमी किती वरडताय ते बगाया."

मी रिपोर्ट लिहिला. 'सिलिया असलेल्या पेशी दिसल्या. कॅन्सरच्या पेशी नाहीत.' आमच्याकडे एवढंच लिहायची पद्धत आहे. या नोकरीने मला शिकवलं तेही साधारण तेवढंच. पेशी सहजासहजी आपलं काम सोडत नाहीत. त्यांना ते करू द्यायचं की नाही, हे मात्र चुलीपाशी ठरतं, मायक्रोस्कोपपाशी नाही.